बालीचा विमानतळ: घरच्या टेबलापासून हॉटेलच्या दारापर्यंत

बालीचं बुकिंग झालं की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: "व्हिसा तिथेच मिळतो ना?" मिळतो. पण तिथे मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक रांग आहे. रात्रभराचा प्रवास करून, पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन त्या रांगेत उभं राहायचं की नाही, हे आपण घरी असतानाच ठरवतो. न्गुराह राय विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय प्रवाशाला चार गोष्टी पार कराव्या लागतात: व्हिसा, पर्यटक कर, आगमनाचा डिजिटल फॉर्म आणि इमिग्रेशन. पहिल्या तीन घरी, चहा पिता पिता होतात. चौथीला तेवढं उभं राहावं लागतं.

आधी विमानतळाची थोडक्यात ओळख. तिकिटावर 'देनपासार' छापलेलं असलं तरी विमानतळ देनपासार शहरात नाही. त्याच्या दक्षिणेला सुमारे १३ किलोमीटरवर, कुटा आणि जिंबारान यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, तुबान गावात तो आहे. जकार्ताच्या विमानतळाखालोखाल इंडोनेशियातली सर्वाधिक गर्दी इथे असते. धावपट्टी एकच, ३,००० मीटरची, आणि तिचं पश्चिमेकडचं टोक भराव घालून थेट समुद्रात नेलेलं आहे. त्यामुळे त्या बाजूने उतरताना शेवटपर्यंत खाली पाणीच दिसत राहतं आणि पहिल्यांदा येणारी माणसं खुर्चीचा हात घट्ट धरतात. न्गुराह राय हे बालीचे स्वातंत्र्यसैनिक. १९४६ मध्ये मार्गा इथे डच सैन्याशी लढताना ते साथीदारांसह धारातीर्थी पडले. सध्याची आंतरराष्ट्रीय इमारत २०१३ ची आहे, आणि देशांतर्गत टर्मिनल शेजारीच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तारीख ठरवताना पंचांग बघा

हे चेष्टेने म्हणत नाही. वर्षातून एक दिवस हा विमानतळ पूर्ण बंद असतो. सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत ना विमान उतरतं, ना सुटतं. तो दिवस म्हणजे न्येपी, बालीतल्या हिंदूंचं शक नववर्ष. त्यांची शककालगणना आणि आपलं शालिवाहन शक यांचा आकडा एकच आहे: २०२६ मध्ये त्यांचंही १९४८ लागलं आणि आपलंही. २०२६ ला न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चलाच आले. २०२५ मध्ये एका दिवसाचा फरक होता. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला होऊन गेली आणि पाडवा ९ एप्रिलला आला. त्यामुळे पाडव्यावरून न्येपीची तारीख ताडू नका, ती वेगळी शोधा. मार्चमध्ये जाणार असाल तर हे पहिलं काम.

न्येपीला फक्त विमानतळच बंद नसतो. रस्ते ओस पडतात, दुकानं बंद, दिवे मंद, मोबाइल इंटरनेटही बंद, आणि पर्यटकांनासुद्धा हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या अक्राळविक्राळ राक्षसांच्या मिरवणुका निघतात, त्यासाठी रस्ते अडवतात. म्हणून आदल्या दिवशी उतरणार असाल तर दुपारच्या आत हॉटेल गाठता येईल असं विमान घ्या. मला विचाराल तर मुद्दाम न्येपीला तिथे असावं, फक्त प्रवास त्या दिवशी नको.

दुसरी अडचण ज्वालामुखीची, आणि ती पंचांगात नसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग पर्वताच्या राखेमुळे हा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या मध्यावर फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकीने धूर ओकला आणि बालीची डझनावारी विमानं रद्द झाली. तो ज्वालामुखी बालीपासून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण राख वाऱ्यावर येते आणि जेट इंजिनात गेली की वितळून चिकटते, म्हणून कोणी धोका पत्करत नाही. यावर उपाय दोनच. प्रवास विमा घेताना नैसर्गिक आपत्तीमुळे विमान रद्द झालं तर भरपाई आहे का ते कलम वाचा, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं काही ठेवू नका.

तिकीट काढताना

भारतातून बेंगळुरू आणि दिल्लीहून थेट विमानं आहेत. मुंबई-पुण्याची मंडळी बहुधा बेंगळुरू, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकमार्गे जातात. मार्ग कुठलाही घ्या, मुंबई ते देनपासार हा पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. सामान थेट बालीला जातं, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं एअरलाइनच्या गळ्यात पडतं.

चार-पाच हजार वाचवण्यासाठी दोन वेगळी तिकिटं काढली तर मधल्या देशात सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजेच त्या देशात अधिकृत प्रवेश करावा लागतो. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. तो नसेल तर सामान पट्ट्यावर फिरत राहील आणि तुम्ही आत अडकाल. मलेशियात सध्या व्हिसा लागत नाही, पण त्यांचा आगमनाचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो. शिवाय क्वालालंपूरला दोन टर्मिनल आहेत आणि एअरएशिया टर्मिनल २ वर असते, तेव्हा एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्याचा वेळ धरा. बेंगळुरूलाही तसंच: इंडिगोची देशांतर्गत विमानं टर्मिनल १ वर उतरतात आणि आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. मध्ये शटल बस आहे, पण दोन तासांचा कनेक्शन-वेळ तिथे पुरत नाही.

नावाचं प्रकरण आपल्याकडे नेहमी घोळ घालतं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट, व्हिसा, पर्यटक कर, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच उतरवा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, असं असेल तर या प्रवासापुरतं माहेरचं नावच खरं.

पासपोर्टची मुदत बालीत उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी. आणि त्याची अवस्था बघा. कोपरा फाटलेला, पानं पाण्याने फुगलेली, मुलाने पेनाने रेघा ओढलेल्या, असा पासपोर्ट इंडोनेशियाचं इमिग्रेशन चालवून घेत नाही. एअरलाइनला हे ठाऊक असल्याने पुष्कळदा मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. फाटका पासपोर्ट निघण्याच्या आदल्या रात्री बघून काही उपयोग नाही. दोन महिने आधी बघा.

निघण्याच्या आठवडाभर आधी: व्हिसा आणि कर

भारतीयांना 'व्हिसा ऑन अरायव्हल' मिळतो: ५,००,००० रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. हाच व्हिसा ऑनलाइन काढला की त्याला ई-व्हीओए म्हणतात. तो इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर मिळतो. सरकारी पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: शेवटी 'जी-ओ' ही दोन अक्षरं, टिंब आणि 'आय-डी'. शोधयंत्रात वर येणारी चकचकीत पानं बहुतेकदा एजंटांची असतात आणि तीच गोष्ट दुपटीने विकतात. फसवणूक म्हणता येणार नाही, पण दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे का द्यायचे?

लागतं काय: पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, परतीचं तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि पैसे भरायला 'व्हिसा' किंवा 'मास्टरकार्ड' कंपनीचं कार्ड. इथे भारतीयांची गाडी हमखास एका ठिकाणी अडते: पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं. कारण संकेतस्थळात नसतं, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' हा पर्याय बंद असतो. तो आधी चालू करा, मर्यादा वाढवा आणि मग बसा. कार्डाचं थोडं शुल्क वर लागतं. व्हिसा कधी काही मिनिटांत येतो, कधी दोन-तीन दिवस घेतो. मिळाल्यापासून ९० दिवसांत वापरायचा असतो, म्हणून फार आधी काढण्यातही अर्थ नाही. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र व्हिसा लागतो, आणि फी तेवढीच.

मुदत मोजताना उतरण्याचा दिवस पहिला धरतात. मध्यरात्री १२ ला दहा कमी असताना शिक्का बसला तरी तो दिवस गेला. मुदत ओलांडली तर दंड रोज १०,००,००० रुपिया, दर माणशी. आठवड्याच्या सहलीला याचा संबंध नाही, पण महिनाभर लॅपटॉप घेऊन राहायला जाणारी तरुण मंडळी यात अडकतात.

पर्यटक कर वेगळा. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला १,५०,००० रुपिया द्यावे लागतात. हा कर बाली प्रांताच्या सरकारचा, व्हिसा केंद्र सरकारचा, म्हणून दोन संकेतस्थळं आणि दोन पावत्या. 'लव्ह बाली' या ॲपवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर पैसे भरले की ईमेलवर क्यूआर कोड येतो. विमानतळावर प्रत्येकाला थांबवून तो तपासतातच असं नाही, हे खरं. काही मंदिरांत आणि प्रेक्षणीय जागी विचारतात. 'कोणी विचारलं नाही, मग कशाला भरायचा' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पाहुणा म्हणून जातो आहोत, रक्कम आपल्या आठशे-साडेआठशे रुपयांची आहे, भरून टाका.

शेवटचे तीन दिवस: आगमनाचा फॉर्म

पूर्वी कस्टमचा वेगळा आणि आरोग्याचा वेगळा असे फॉर्म भरावे लागत. २०२५ च्या सप्टेंबरपासून बालीत हे सगळं 'ऑल इंडोनेशिया' नावाच्या एकाच फॉर्ममध्ये आलं. तो उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि पूर्ण मोफत असतो. कोणी पैसे मागत असेल तर चुकीच्या संकेतस्थळावर आला आहात. विमानाचा क्रमांक, हॉटेलचा पत्ता, सोबत काय सामान आहे, गेल्या काही दिवसांत कुठल्या देशात होता, एवढंच विचारतात. कनेक्टिंग विमान असेल तर क्रमांक शेवटच्या विमानाचा लिहा, मुंबईहून सुटणाऱ्या विमानाचा नाही.

शेवटी मिळणाऱ्या क्यूआरचा स्क्रीनशॉट घ्या. व्हिसा, कर आणि हा फॉर्म, तिन्ही स्क्रीनशॉट फोनच्या एका अल्बममध्ये ठेवा आणि आई-बाबांचे त्यांच्या फोनमध्येही टाका. विमानतळावर मोफत वाय-फाय आहे, पण रांगेत पुढच्याचा नंबर लागलेला असताना ईमेल उघडत बसणं कोणालाच नको असतं. व्हिसाचा आणि परतीच्या तिकिटाचा एक कागदी प्रिंट असावा. साठीच्या वरची मंडळी सोबत असतील तर प्रत्येकाच्या पासपोर्टमध्ये त्यांचा त्यांचा प्रिंट घडी करून ठेवा.

बॅग भरताना

चिवडा, चकली, लाडू, मेतकूट, पाकीटबंद मसाले यांना सहसा कोणी हात लावत नाही. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया, मांस मात्र नकोत. आंब्याच्या दिवसांत 'दोनच हापूस' नेणारे लोक असतात. ते दोनही कस्टमच्या कचरापेटीत जातात. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखस टाळा. तिच्यात अफूचे अंश असू शकतात म्हणून तिथे तिच्याबाबतचे नियम कडक आहेत, आणि आपण अनारसे सहज डब्यात भरतो.

अमली पदार्थांबाबत इंडोनेशियाचा कायदा जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहे, शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाते. गांजा किंवा सीबीडी तेल (गांजाच्या झाडापासून काढलेलं), दुसऱ्या कुठल्या देशात ते कायदेशीर असलं तरी, इथे नाही. झोपेच्या, नैराश्याच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या नियमित घेत असाल तर डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन सोबत आणि गोळ्या मूळ पाकिटातच हव्यात. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून नेऊ नका. परक्याची बॅग, पार्सल, 'माझ्या भावाला एवढं द्याल का', काहीही घेऊ नका.

दारू दर प्रौढ माणशी एक लिटर, सिगारेटी २००. पॉवर बँक केबिनच्या सामानात, चेक-इनमध्ये चालत नाही. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण भिंतीतल्या सॉकेटला दोन गोल पिना लागतात. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बसतो, इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग बसत नाही.

उतरल्यावर: दारापासून दारापर्यंत

घड्याळ अडीच तास पुढे करा. विमानातून बाहेर आलात की लांब गल्लीतून चालायचं. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागा, इथे उतरून मागितली तर बराच वेळ जातो. वाटेत पैसे भरून व्हिसा घेण्याचे काउंटर लागतात. ई-व्हीओए असेल तर तिथे थांबायचं नाही. भारतीय लोक सवयीने सगळ्यात मोठ्या रांगेच्या मागे जाऊन उभे राहतात. तसं करू नका, फलक वाचा, नाहीतर गणवेशातल्या माणसाला फोनवरचा व्हिसा दाखवून विचारा.

ई-व्हिसा आणि चिपचा नवा ई-पासपोर्ट दोन्ही असतील तर ऑटोगेट वापरता येतं का ते विचारून बघा. पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, फाटक उघडतं. लहान मुलं सोबत असतील किंवा पासपोर्ट जुना असेल तर माणसाच्या काउंटरवर जा. तिथे बहुतेकदा दोनच प्रश्न: किती दिवस, कुठे राहणार. उत्तर छोटं द्या. त्या भागात फोटो-व्हिडिओ काढायला बंदी आहे, आणि रील काढणाऱ्यांना हटकतात.

सामान घेतलं की ऑल इंडोनेशियाचा क्यूआर स्कॅन करून कस्टममधून बाहेर. पट्ट्याजवळ गणवेशासारखे कपडे घातलेला कोणी तुमची बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवू लागला तर तो पैसे मागणार हे समजून चाला. हमाल हवा असेल तर दर आधी विचारा, नको असेल तर हसून 'तिदाक, तरिमा कासी' म्हणा, म्हणजे 'नको, धन्यवाद'. एवढं पुरतं. बालीची माणसं मागे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगतो: खाली बघून चाला. काउंटरच्या कडेला, दुकानाच्या उंबऱ्यावर, कधी थेट फरशीवर तळहाताएवढी पानांची चौकोनी परडी दिसेल. तिच्यात पांढरी, लाल, पिवळी, निळसर फुलं रंगांप्रमाणे चार बाजूंना मांडलेली, वर चिमूटभर भात, एखादं बिस्कीट किंवा गोळी, आणि धुमसती उदबत्ती. हे चानांग सारी, रोजचा नैवेद्य. ट्रॉलीचं चाक त्यावरून जाऊ देऊ नका, चुकून पाय लागला तर आपल्याकडे करतो तसा नमस्कार केला तरी समोरच्याला कळतं.

पैसे आणि सिम

बाहेरच्या दालनात पैसे बदलणारे, एटीएम आणि सिमकार्डवाले ओळीने बसलेले असतात. रुपियातले शून्य बघून गडबडायला होतं. हिशेब सोपा आहे: शेवटचे तीन शून्य काढा आणि साडेपाचने गुणा. ५०,००० रुपिया म्हणजे ५० गुणिले साडेपाच, पावणेतीनशे रुपये. एक लाखाची नोट म्हणजे आपले साडेपाचशेच्या आसपास. दर खालीवर होतो, पण बाजारात उभं राहून 'महाग की स्वस्त' ठरवायला एवढं बास.

विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते पैसे बदला, बाकीचे शहरात. डॉलर नेत असाल तर कोऱ्या नोटा न्या. दुमडलेल्या, शाई लागलेल्या किंवा जुन्या मालिकेच्या नोटांना कमी दर देतात किंवा घेतच नाहीत. कुटाच्या गल्लीबोळात फळ्यावर सर्वात चांगला दर लिहिलेली दुकानं टाळा. तिथे नोटा मोजता मोजता काही नोटा टेबलाखाली जातात. पैसे हातात आल्यावर शेवटी तुम्ही मोजायचे, आणि मोजल्यावर पुन्हा त्याच्या हातात द्यायचे नाहीत.

एटीएमबद्दल एक सूचना. तिथल्या अनेक यंत्रांत आधी पैसे बाहेर येतात, मग 'आणखी व्यवहार करायचा का?' असं विचारतात, आणि 'नाही' म्हटल्यावर कार्ड बाहेर येतं. पैसे हातात आले की आपण चालू लागतो आणि कार्ड यंत्रातच राहतं. कार्ड खिशात गेल्याशिवाय यंत्रासमोरून हलायचं नाही.

सिमसाठी पासपोर्ट लागतो. टेल्कोमसेलचं जाळं बेटावर सगळ्यात पसरलेलं आहे. विमानतळावरचे दर शहरापेक्षा चढे असतात. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर घरूनच घेऊन या, उतरताच टॅक्सीचं ॲप चालू होतं. पुढच्या टप्प्याला त्याचीच गरज आहे.

विमानतळावरून हॉटेल

बालीत रेल्वे नाही, आणि सामानासह येणाऱ्या कुटुंबाला बस सोयीची नाही. उरतात तीन मार्ग. विमानतळाच्या अधिकृत टॅक्सी काउंटरवर ठिकाणानुसार ठरलेला दर असतो, पावती मिळते, घासाघीस नाही. ग्रॅब म्हणजे तिकडची ओला-उबर. तिची अधिकृत जागा आवारातच आहे. ॲपवर गाडी बोलावून फलकांप्रमाणे तिथे जायचं. तिसरा मार्ग हॉटेलने पाठवलेल्या ड्रायव्हरचा: दाराबाहेर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या त्या गर्दीत आपलं नाव शोधायचं. दारातच 'ट्रान्सपोर्ट? टॅक्सी?' विचारणारे भेटतात. ते काही लुटारू नसतात, पण दर तोंडाला येईल तो.

माझं मत असं: दोन माणसं आणि दोन बॅगा असतील तर ग्रॅब. म्हातारी माणसं, मुलं, रात्रीचं विमान असेल तर हॉटेलची गाडी, थोडी महाग पडली तरी. उबुडसाठी साधारण साडेतीन ते पाच लाख रुपिया मागतात.

पहिली रात्र कुठे काढायची हे हॉटेलच्या फोटोवरून ठरवू नका, विमान किती वाजता उतरतं त्यावरून ठरवा. कुटा आणि जिंबारान अगदी जवळ. नुसा दुआ आणि सानूर १५ किलोमीटरच्या आत. नकाशावर चांगूही जवळ दिसतं, पण संध्याकाळी त्या अरुंद रस्त्यांवर गाडी तासाहून जास्त वेळ रांगते. उबुड सुमारे ३७ किलोमीटर. दुपारी चार-पाचला निघालात तर दोन तास धरा, मध्यरात्रीनंतर निघालात तर रस्ते मोकळे असतात आणि तासाभरात पोचता. म्हणून 'रात्री उशिरा उतरतोय, मग उबुड नको' हा सल्ला मला पटत नाही. नको ते संध्याकाळचं उबुड. नुसा पेनिदा या शेजारच्या बेटावर जाणाऱ्यांनी दुपारनंतर उतरल्यास सानूरलाच मुक्काम करावा. वेगवान बोटी तिथून दिवसाच सुटतात.

बाहेर पडताना रस्त्याच्या मधोमध एक भव्य शिल्प लागतं: उधळलेले घोडे, रथ, आणि वर झेपावलेला योद्धा. तो घटोत्कच. कर्णाशी त्याच्या झालेल्या लढाईचं ते दृश्य आहे. जावा-बालीच्या कथांमध्ये 'गातोतकाचा' हा आकाशात उडणारा वीर, आणि १९९५ मध्ये इंडोनेशियाने स्वतः बनवलेलं एन-२५० हे विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा त्यालाही हेच नाव दिलं होतं. मुलांना गाडीत बसल्या बसल्या सांगायला गोष्ट झाली. नुसा दुआकडे जाणाऱ्यांना पुढे २०१३ मध्ये खुला झालेला, पाण्यावरून जाणारा १२.७ किलोमीटरचा बाली मंदारा टोल रस्ता लागतो. टोल टॅक्सीच्या दरात धरला आहे का ते आधी विचारा.

परतताना

विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोचा, असं सगळेच सांगतात. बालीत त्याच्या आधीचा हिशेब महत्त्वाचा: रस्त्यातला वेळ दुप्पट धरा. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस विमानतळाकडे जाणारा रस्ता इतका तुंबला होता की पर्यटक टॅक्सीतून उतरून, बॅगा ओढत टोल रस्त्यावरून चालत टर्मिनलला पोचले. नाताळचा आठवडा आणि जुलै-ऑगस्ट या दिवसांत शेवटची रात्र उबुडला काढू नका, जिंबारान किंवा कुटाला या. त्या दुपारी जिंबारानच्या उत्तरेकडे केडोंगानान, केलानच्या किनाऱ्यावर बसलात तर विमानं समुद्राला लागून उतरताना दिसतात. पोरांचा तास मजेत जातो.

किनाऱ्यावरून उचललेले शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत भरू नका, तपासणीत काढून घेतात. आंतरराष्ट्रीय प्रस्थान वरच्या मजल्यावर आहे. सुरक्षा आणि इमिग्रेशन झालं की करमुक्त दुकानांच्या लांबलचक वळणदार वाटेतूनच गेटकडे जावं लागतं. दुसरी वाट नाही, त्यामुळे बोर्डिंगला वेळ कमी असेल तर तिथे कोणाला रेंगाळू देऊ नका. शाकाहारी जेवण आत मिळायला कष्ट पडतात आणि दरही विमानतळाचेच. गाडीत बसण्यापूर्वी खाऊन घ्या. उरलेल्या रुपियाच्या नोटा भारतात बदलताना फार नुकसान होतं, त्या तिथेच संपवा.

विमान राखेमुळे किंवा आणखी कशाने रद्द झालं आणि तुमच्या व्हिसाचे दिवस संपत आले असतील, तर दोन कामं त्याच दिवशी करा. एअरलाइनच्या काउंटरवरून विमान रद्द झाल्याचं लेखी पत्र घ्या, तोंडी आश्वासन चालत नाही. ते घेऊन थेट इमिग्रेशनच्या कार्यालयात जा, विमानतळाजवळच त्यांचं कार्यालय आहे. अशा वेळी मुदतीत सवलत मागता येते, पण ती मुदत संपण्याआधी मागावी लागते. आणि विमा कंपनीलाही त्याच पत्राची प्रत लागते, म्हणून फोटो काढून ठेवा.